तेलदऱ्याचं पाणी

“तुमच्या बाटल्यांची अदलाबदल झालीय, उमाठे. दुसरं काही नाही.”

दंतवैद्यकाच्या रेगे मॅडमनी हातातला कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि भूगर्भशास्त्राच्या उमाठे सरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की सर भांडायला बसले, हे एव्हाना आमच्या संख्याशास्त्र विभागाच्या शिपायालाही ठाऊक झालं होतं. तो चहा बाहेरच घेऊन थांबला.

“माझ्या बाटल्या मी स्वतः भरतो, मॅडम. चिठ्ठ्याही स्वतः चिकटवतो. तुम्ही तुमच्या बायकांना विचारा, दाताला तंबाखूचं मंजन कोण कोण लावतं ते.”

“तंबाखूचा डाग कुठला आणि फ्लोराइडचा कुठला, हे मला कळत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?”

मी दोघांच्या मध्ये बसले होते आणि माझ्यापुढे दोघांचे दोन तक्ते होते. हे सगळं नव्वदच्या आसपासचं. मी तेव्हा विद्यापीठात संशोधन साहाय्यक होते. काम काय, तर वेगवेगळ्या विभागांनी एकाच भागात केलेल्या पाहण्यांचे तक्ते शोधून काढायचे आणि एकमेकांशी लावून बघायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण भूगर्भशास्त्रवाले विहिरींना नंबर देतात, दंतवैद्यकवाले गावांची नावं लिहितात, आणि तीही जशी ऐकू आली तशी. कुणाचा तक्ता प्रबंधाच्या शेवटी शिवलेला, कुणाचा परिषदेत वाचलेल्या निबंधात, तर कुणाचा कपाटावर, पंख्याच्या खोक्यात. एकाच इमारतीतले लोक, पण एकमेकांचं छापलेलं अक्षर कधी वाचत नाहीत. ते माझ्याकडून वाचून घेतात आणि मग भांडतात.

या वेळचं भांडण मात्र नुसतं मानापमानाचं नव्हतं. जिल्ह्याकडे पाण्यातलं फ्लोराइड काढणारं एक यंत्र बसवण्यापुरते पैसे आले होते. एकच गाव. कुठलं, ते आमच्या अहवालावरून ठरायचं होतं, आणि अहवाल मार्चअखेरच्या आत द्यायचा होता. नाहीतर पैसे परत.

गावं दोन उरली होती. डोंगराच्या अल्याड कवठाळा, पल्याड तेलदरा. सरांच्या तक्त्यात तेलदऱ्याची विहीर भयंकर होती. इतकं फ्लोराइड की सरांनी तिथल्या आकड्याखाली लाल रेघ मारली होती. कवठाळ्याचं पाणी निर्मळ. मॅडमचा तक्ता नेमका उलटा. त्यांनी गावोगावच्या महिला मेळाव्यांत बायकांचे दात तपासले होते. कवठाळ्यात निम्म्याहून जास्त बायकांचे दात डागाळलेले, आणि तेलदऱ्यात बहुतेकींचे चांगले.

“सुनेत्रा, तू लिहून घे,” मॅडम माझ्याकडे वळल्या. “हे डाग लहानपणीच पडतात. दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हा जे पाणी पोटात जातं, त्यानं. मोठेपणी कितीही प्यायलं तरी दाताला काही होत नाही, पुढे हाडं धरतात. म्हणजे कवठाळ्याच्या पाण्यात दोष आहे. यंत्र कवठाळ्यालाच बसलं पाहिजे.”

“आणि तेलदऱ्याच्या पोरांनी ते विष पीत बसायचं?” सर ओरडले.

जिल्ह्याचे साहेब मात्र शांतपणे सांगून मोकळे झाले होते की नुसते पाण्याचे आकडे चालणार नाहीत, लोकांना आजार दिसला पाहिजे. आजार तर कवठाळ्यात दिसत होता. शेवटी ठरलं की मी कवठाळ्याला जाऊन पुन्हा पाणी भरून आणावं. चिठ्ठ्या माझ्या हस्ताक्षरात असाव्यात, म्हणजे दोघांचाही विश्वास बसेल.

एसटीनं मला फाट्यावर सोडलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. कवठाळ्याची विहीर गावाच्या तोंडाशीच आहे. सात-आठ बायका पाणी ओढत होत्या. मी माझी ओळख सांगितली, बाटल्या दाखवल्या, आणि त्यांनी हसू दाबत मला दोर दिला. शहरातल्या बाईला पोहरा ओढता येत नाही हे त्यांना आधीच दिसलं असावं. पोहरा वर येईपर्यंत माझे हात सोलवटले आणि त्यांची चांगली करमणूक झाली. पण हसताना त्यांतल्या काहीजणी पदर तोंडाशी नेत होत्या, काहीजणी नव्हत्या.

मी बाटलीचं बूच लावत होते, तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून एका म्हातारीनं हाक दिली.

“अवं तेलदरेवाली! पोरगं उठलं वं!”

विहिरीवरच्या चौघीजणींनी एकदम मान वळवली. चौघींचाही पदर तोंडावर होता.

“कोनती वं, मामी?” त्यांतली एक म्हणाली. “लहानी का मोठी?”

“लहानी, लहानी. तुह्यावाला नाही, पंचफुले.”

एकजण घागर टाकून पळाली. मी बूच हातात धरून तशीच उभी राहिले. मग पंचफुला म्हणून जिला हाक मारली होती तिला विचारलं, “तुम्हाला सगळ्यांना तेलदरेवाली का म्हणतात?”

ती माझ्याकडे बघत राहिली. एवढं साधं कुणी विचारतं का, असं तिला वाटलं असणार.

“आमचं माहेर तेलदऱ्याचं न, बाई. सासरी काय कोनी नाव घेते? जिथून आली त्या गावाच्या नावानं हाका मारतेत. ही पाहा, ही मोहदेवाली, ही सावरगाववाली. अन आमी तेलदऱ्याच्या लय आहोत इथं.”

“आणि कवठाळ्याच्या मुली कुठे दिल्या जातात?”

“तेलदऱ्यातच जास्त. जुनी सोयरीक आहे दोनी गावाची. इकडची पोरगी तिकडं, तिकडची इकडं.”

मी विहिरीच्या कठड्यावर बसले. मॅडमचा तक्ता बायकांचा होता. पुरुष शेतात, मुलं शाळेत. मेळाव्याला आल्या त्या लग्न होऊन गावात आलेल्या बायका. त्यांचे दात त्यांच्या बापाच्या गावी घडले होते, आणि आम्ही ते नवऱ्याच्या गावापुढे मांडले होते. बाटल्या बरोबर होत्या. दातही बरोबर होते. बायका तेवढ्या चुकीच्या ओळीत होत्या.

पंचफुलाला मी सगळं समजावून सांगितलं नाही, फक्त मदत मागितली. तिनं मला घरी नेलं, गूळपाणी दिलं. दोन्ही गावांच्या मेळाव्यांत तपासलेल्या बायकांची यादी, दातांच्या नोंदीसह, माझ्या पिशवीत होती. मी एकेक नाव वाचायचं आणि तिनं माहेर सांगायचं. एकदाही अडखळली नाही. कुणाची आई कुठली, तेही सांगत होती. तेलदरा आलं की डाग, दुसरं गाव आलं की दात साफ, असं खाली खाली होत गेलं. माझं बोट कागदावरून सरकताना ती बघत होती. बाई हुशार होती. यादी अर्ध्यावर आली आणि ती बोलायची थांबली.

“बाई, हे आमच्या गावच्या पान्यानं होते का?”

“हो.”

“मले वाटे, आमच्या घरातच आहे. बापाचेबी असेच, बहिनीचेबी.” तिनं पदर तोंडावरून खाली घेतला. “म्हनून तं आमी तंबाखूचं मंजन घासतो. तंबाखूनं झाले म्हनलं का सासू शिव्या देते अन सोडून देते. जलमाचेच असे म्हनलं, तं पोरायलेबी होतीन म्हनून बोंबलते.”

मग तिनं एकदम विचारलं, “हे छापून येईन का? तेलदऱ्याचं नाव?”

“यावं लागेल. त्याशिवाय यंत्र तिकडे जाणार नाही.”

“सभेत वाचतीन?”

“सगळ्या गावांच्या सरपंचांसमोर.”

ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे पुसून आली होती. तिच्या धाकट्या बहिणीचं, सुगंधाचं, लग्न ठरलं होतं. वैशाखातली तारीख होती. मुलगा बोरखेडीचा, तिथल्या सरपंचाचा पुतण्या.

“तेलदऱ्याच्या पोरीत खोड आहे असं सभेत वाचलं, तं हे लगन मोडन, बाई. एकटीचं नाही, गावातल्या समद्याच पोरीचं. वैशाखापर्यंत थांबा न.”

मार्चअखेरची गोष्ट मी तिला सांगितली. सांगताना मला माझाच राग येत होता. ती ऐकून घेऊन म्हणाली, “मंग मी एकटी हो कशी म्हनू? उद्या बाबाकडं चला. त्यायले विचारा, तिले विचारा. ते नाही म्हनले तं तुमी हा कागद फाडून टाका.”

मी परतीच्या एसटीनं विद्यापीठात गेले आणि संध्याकाळी दोघांपुढे नवा तक्ता ठेवला. बायका माहेरच्या गावाप्रमाणे लावलेल्या. तो सरांच्या विहिरींशी ओळीओळीनं जुळत होता. सरांनी चष्मा घातला, काढला, परत घातला. रेगे मॅडमनी बोट ठेवत एकेक ओळ वाचली.

“माझं स्वतःचं माहेर रत्नागिरीचं,” शेवटी त्या म्हणाल्या. “मी नागपूरचं पाणी पिते म्हणून कुणी माझे दात नागपूरचे म्हटले असते, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.”

मग मी सुगंधाचं सांगितलं. सर म्हणाले, “फार वाईट आहे हे. पण विहीर थांबत नाही, सुनेत्रा.” मॅडम म्हणाल्या, “त्यांनी नाही म्हटलं तर माहेरचा तक्ता जाणार नाही. बायकांनी दात दाखवले होते, बापाची अब्रू नव्हती दाखवली.” त्या दिवशी पहिल्यांदाच सर त्यांच्याशी भांडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पंचफुला आणि मी डोंगर ओलांडून तेलदऱ्याला गेलो. तिचे वडील डोमाजी दाराशीच बसले होते. आम्ही हाक मारली तेव्हा त्यांनी मान वळवली नाही, सगळं अंगच वळवलं. पाठ आणि मान एकच झाली होती. वय विचारलं तर माझ्या वडिलांपेक्षा लहान निघाले. अंगणात त्यांच्या मुलाचा पोरगा खेळत होता, दुडुदुडु चालण्याएवढा. मध्येच यायचा, गडव्यातलं पाणी सांडत प्यायचा आणि परत जायचा.

मी सगळं सांगितलं. त्यांच्या पाठीचंही सांगितलं. ते त्यांना नवीन होतं. ते म्हणाले, “मी समजे, वझं वाहून वाहून झालं.” त्यानंतर लग्नाचं निघालं आणि त्यांचा आवाज बदलला.

“दोन महिने थांबा, बाई. पोरगी उजवली का मंग काय लिहायचं ते लिहा.”

“पैसे परत जातील, काका.”

“तं पुढच्या साली येतीन.”

“येतील की नाही कुणी सांगावं? आणि याचे दात आत्ता तयार होताहेत.” मी नातवाकडे बोट केलं. “हिरडीच्या आत. आज चांगले दिसतात ते दुधाचे.”

पंचफुला माझ्याकडे बघेना, बापाकडेही बघेना. पोरगं परत गडव्याशी आलं तशी तिनं तो उचलून मागे ठेवला आणि पोरगं रडायला लागलं. काय द्यायचं होतं त्याला प्यायला? घरात दुसरं पाणी नव्हतं. थोड्या वेळानं तिनंच गडवा पुढे केला.

“मले कोनी विचारून राह्यलं का?”

आतल्या दारात सुगंधा उभी होती. विशीच्या आतली पोर. आम्ही आल्यापासून ती भिंतीआड असणार. पदर तोंडाशी घट्ट धरलेला.

“तू आत जाय वं,” डोमाजी म्हणाले.

“जातो न, बाबा. येवढं सांगतो अन जातो.” ती माझ्याकडे वळली. “बाई, ते लोक मले पाहाले आले, तवा आईनं बजावून ठेवलं होतं का हासू नको. मी हासलीच नाही. खाली पाहून बसली. सोज्वळ आहे म्हने पोरगी. त्यायनं माह्ये दात पाह्यलेच नाही.”

पंचफुला उठायला लागली, तशी सुगंधानं हातानं तिला थांबवलं.

“लगन झाल्यावर मी कवा तरी हासनच न? तवा माहेरी आणून टाकतीन. आता मोडलं तं बाबाचा खर्च तरी वाचते.”

“सुगंधे,” पंचफुला म्हणाली.

“तू कशी राहून राह्यली तिथं, मले नाही का माहीत, ताई? रोज तंबाखू घासून घासून तुह्या हिरड्यातून रगत येते.” मग ती उंबरा ओलांडून अंगणात उन्हात आली आणि माझ्यापुढे बसली. “तुमच्या मेळाव्यात लगनाच्या पोरी नोहत्या. आईनंच जाऊ देल्लं नाही. आता पाहून घ्या. तेलदऱ्याच्या कागदावर पह्यलं नाव माह्यं लिहा.”

तिनं पदर सोडला आणि तोंड उघडलं. मी दंतवैद्य नव्हते. पण बघायचं कसं, हे मॅडमनी मला शिकवलं होतं. वरच्या पुढच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे होते आणि कडा झडल्या होत्या. ती डोळे मिटून बसली होती. मला रडू आलं. मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

डोमाजींनी सगळं अंग भिंतीकडे वळवलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मग तिकडेच तोंड करून म्हणाले, “पंचफुले, बाईले च्या ठेव.”

तेलदऱ्याच्या कागदावर मी पहिलं नाव सुगंधाचं लिहिलं. तिनं सही करायला पेन मागितलं. दुपारपर्यंत गल्लीतल्या आणखी पोरी आल्या. तिनंच त्यांना बोलावून आणलं. काहींच्या आयांनी त्यांना ओढत परत नेलं.

सभा झाली. तक्ता वाचला गेला तेव्हा बोरखेडीचे सरपंच उठून बाहेर गेले, ते परत आले नाहीत. साहेबांनी तेलदऱ्याच्या नावावर सही केली आणि रेगे मॅडम व उमाठे सर एका रिक्षातून घरी गेले. त्यानंतर काही दिवसांतच पंचफुलाचा निरोप आला. लग्न मोडलं होतं. निरोपात एवढंच होतं.

पावसाळ्याआधी यंत्र बसलं. आमचा निबंध छापून आला आणि दोन्ही विभागांतल्या लोकांनी वाचला, असं पहिल्यांदाच घडलं. पुढच्या पाहण्यांच्या कागदावर नाव, वय, सासर यांच्या शेजारी माहेरचा रकाना आला. मॅडमनी त्यासाठी बैठकीत टेबलावर हात आपटला होता.

बऱ्याच वर्षांनी आम्ही तेलदऱ्याला पुन्हा पाहणीला गेलो. मॅडम निवृत्त झाल्या होत्या, तरी आल्या. शाळेच्या ओसरीवर मुलांची रांग लागली. एकेक मूल आ करायचं, मॅडम बघायच्या, मी लिहायची. पक्के दात आलेली लहान मुलं, आणि साफ, साफ, साफ. मॅडमनी मध्येच पाणी मागितलं. ते त्यांनी तिथल्याच नळाचं प्यायलं.

मुलांनंतर मोठ्या बायका होत्या. त्यांत सुगंधा आली. मी तिला लगेच ओळखलं. भावाच्या मुलाला घेऊन आली होती. गडव्यातलं पाणी सांडत पिणारा तो नातू आता शाळेतला मोठा मुलगा होता, आणि आत्याच्या मागे लाजून उभा होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. पंचफुला बरी होती. डोमाजी गेले होते. मग मी नेहमीच्या सवयीनं कागद पुढे ओढला.

“माहेर?”

“तेलदरा.”

पुढचा रकाना सासरचा होता. माझं पेन तिथे थांबलं. तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. तिला विचारवेना. मी तो तसाच सोडून खालच्या ओळीला जाणार, तेवढ्यात तिनं कागदावर बोट ठेवलं.

“रिकामं नोका ठेवू, बाई. तिथंबी तेलदराच लिहा. आता पानी चांगलं आहे इथलं.”

मी लिहिलं.